तगर नगरीतील खापरे

सालाबादप्रमाणे गेल्या चैत्रातही आपल्या समाजातील काही मंडळी श्रीसंत गोरोबाकाकांच्या समाधिदर्शनास तेर येथे गेली होती. त्या मंडळींत आम्हीही होतो. परत आल्यावर स्मरणिकेच्या संपादकांनी यात्रेचा वृत्तान्त लिहिण्याची आज्ञा केली. परंतु समाधीचे माहात्म्य आम्ही नव्याने काय वर्णावे? चिखल तुडविता तुडविता देहभान हरपलेले काका आणि संतमंडळींच्या मस्तकावर थापटणे मारून नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविणारे काका आपल्या घराघरांतील लेकरांनाही ठाऊक आहेत. म्हणून त्याच गावातील दुसऱ्या एका स्थानाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ते स्थान म्हणजे तेरचे पुराणवस्तुसंग्रहालय होय. समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या आपल्या बांधवांपैकी फारच थोड्यांची पावले तिकडे वळतात. आमचीही यापूर्वी कधी वळली नव्हती, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

सोलापूरहून तुळजापूर करून आम्ही धाराशिवास पोहोचलो. हे पूर्वीचे उस्मानाबाद. २०२३ पासून शासनदरबारीही धाराशिव हेच नाव रूढ झाले. तेथून तेरचा रस्ता लागतो. तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव आज पाहता मराठवाड्यातील इतर कोणत्याही मोठ्या खेड्यासारखेच दिसते. मात्र गावाच्या आसपास जागोजाग उंचवटे आहेत. शेतकरी ज्याला ‘पांढर’ म्हणतात, तशी भुरकट माती त्या उंचवट्यांवर आढळते. काळी ही पिकाची आणि पांढर ही वस्तीची, हा आपल्याकडील जुना संकेत. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, घरे बांधली, ती पडली, त्यांवर पुन्हा बांधली, चुलींची राख टाकली, फुटकी मडकी टाकली, म्हणजे पांढर तयार होते. अशा पांढरीखाली तेरचे प्राचीन नगर निजलेले आहे.

त्या नगराचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे व बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले, ते ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तगरचे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, जेथे नीट रस्तेही नाहीत अशा मुलखातून, भडोचला नेली जात असे. ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी यानेही तगरचा उल्लेख केला आहे. पुढे कोकणात व कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ असे अभिमानाने म्हणवीत. राजधानी अन्यत्र असूनही आपले मूळ ते या नगराशी जोडीत, यावरून तगरची कीर्ती किती दीर्घकाळ टिकली होती ते ध्यानी येते.

एवढे मोठे नगर, पण ते नेमके कोठे, हे कालांतराने लोक विसरून गेले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते जुन्नर असावे असे म्हटले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ते धारूर वाटले. कोणी ते देवगिरी मानले. अखेर १९०१ साली डॉ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले. त्यानंतर लवकरच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी प्रत्यक्ष येऊन तेथील जुन्या विटांच्या देवळांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि हा वाद मिटला. १९५८ साली श्री. चापेकर यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले. त्यानंतरच्या दशकांतही उत्खनने होत गेली आणि सातवाहनकालीन वैभवशाली नगराचे पुरावे थराथराने उजेडात आले.

परंतु तज्ज्ञांची कुदळ पडण्यापूर्वीच एका गृहस्थाने हे काम आरंभिले होते. तेर येथील व्यापारी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने पांढर धुपून वर येणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, दिवे, खेळणी, ज्याकडे इतरांनी ढुंकूनही पाहिले नसते ते सारे त्यांनी जिवापाड जपले. पुढे हा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि त्यांच्याच नावाचे संग्रहालय उभे राहिले. आज तेथील वस्तूंची गणती वीस हजारांच्या वर आहे. एका व्यापाऱ्याने, कोणी सांगितले नसता, पदरमोड करून आपल्या गावाच्या मातीचा असा मान राखावा, ही गोष्ट आपल्यासारख्या समाजसंस्थांनी मनात साठवून ठेवण्याजोगी आहे.

आमच्याबरोबर आपले एक वडीलधारे सभासद होते. सर्व मंडळी त्यांना नाना म्हणतात, म्हणून येथेही तेच म्हणू. साठ वर्षे त्यांनी चाक चालविले; आता गुडघ्यांमुळे बसवत नाही आणि घरात दुसरे कोणी बसत नाही. त्यांचा नातू अभियांत्रिकी शिकत असून तोही यात्रेस आला होता. वाटेत गाडीत आपल्या ज्ञातीच्या उत्पत्तीचा नेहमीचा विषय निघाला. कोणी आपला वंश अमुक ऋषीपर्यंत नेला, कोणी तमुक राजकुळापर्यंत. तो तरुण एवढेच म्हणाला, “नाना, शहरात जात विचारली की आपला आवाज आपोआप खाली जातो. राजवंशाच्या गोष्टीने तो वर येत नाही.” नाना काही बोलले नाहीत. आम्हांलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही.

संग्रहालयात शिरल्यावर प्रथम दृष्टी गेली ती उत्तरेश्वर मंदिराच्या कोरीव लाकडी द्वारशाखेकडे. शेकडो वर्षे ऊनपाऊस सोसलेले ते लाकूड पाहून सुतारबांधवांच्या हातांना मनोमन वंदन केले. तेर येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कीर्ती तर समुद्रापार गेलेली आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, आणि तेरची मूर्ती तिच्याशी नाते सांगते असे विद्वानांनी दाखवून दिले. असे हे तगरचे धागेदोरे दूरवर पसरलेले होते.

परंतु पुढे पुढे जाताना आमच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. हस्तिदंत थोडा, लाकूड थोडे, धातू थोडा. बाकी जिकडे पाहावे तिकडे भाजलेली माती. ज्या मलमलीसाठी तगर जगप्रसिद्ध होते, ती मलमल कुजून गेली. ज्या गाड्यांनी ती भडोचला गेली, त्या गाड्या मोडून गेल्या. धान्य संपले, माणसे गेली. उरली ती मडकी, परळ, दिवे, मूर्ती आणि विटा. आपल्या घरी मडके फुटले की आपण ते उकिरड्यावर टाकतो. परंतु एकदा नीट भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. पाणी तिला विरघळवीत नाही, वाळवी तिला खात नाही, आणि चोराला ती नको असते. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर आज ज्यांच्या आधारे ओळखता येते, त्या वस्तूंत सर्वांत मोठा वाटा खापरांचा आहे.

नाना एका काचपेटीसमोर थांबले. आत एक भांडे होते; आतून काळेभोर, बाहेरून तांबडे, काठाजवळ मात्र काळी पट्टी. तो तरुण म्हणाला, “दोन रंग दिलेले दिसतात.” नाना हसून म्हणाले, “बाळ, रंग नव्हे, हा आवा आहे. भांडे पालथे घालून लावले असणार, आत भुसा कोंबला असणार. बाहेर वारा लागला ती बाजू तांबडी झाली, आत धूर कोंडला ती काळी.” पुराणवस्तुशास्त्रज्ञ या जातीच्या भांड्यांना ‘काळी-तांबडी भांडी’ म्हणतात आणि त्यांच्या भाजणीची उपपत्ती बहुतेक अशीच देतात. मातीत लोह असते. त्याला मोकळी हवा मिळाली तर ते तांबडे होते, हवा कोंडली आणि काजळी मुरली तर भांडे काळे पडते. विद्वानांनी जे प्रयोगशाळेत पडताळून पाहिले, ते नानांनी काचेबाहेरून एका दृष्टिक्षेपात सांगितले. त्या तरुणाने आजोबांकडे पाहिले ते आम्ही पाहिले.

पुढे मातीच्या स्त्रीमूर्ती होत्या. काही पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या, काही तांबड्या. डोईवरची फुलांची सजावट, कानांतील जड कुंडले, गळ्यातील हार, सारे कसे रेखीव! नानांनी त्यांच्या कडेची पुसट रेघ दाखविली. या मूर्ती दोन साच्यांतून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात दाबायचा, मागचा दुसऱ्यात, मग ओल्या मातीने दोन्ही सांधायचे. आतून पोकळ ठेवल्या म्हणजे आव्यात तडकत नाहीत. गणपती साच्यातून काढणाऱ्या आपल्या कारखानदारांना या कृतीत नवल वाटू नये. नवल आहे ते तिच्या वयाचे.

तेरच्या विटांचीही एक कथा आहे. तेथील काही प्राचीन विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. यात चमत्कार काही नाही. मातीत भाताचे तूस भरपूर मिसळलेले असते. भाजताना ते जळून जाते आणि विटेत असंख्य बारीक छिद्रे राहतात. विटांचे जे त्रिविक्रम मंदिर आजही तेरमध्ये उभे आहे, ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे असे कझिन्स यांनी प्रतिपादिले. पाठीमागून अर्धगोल आणि वरून गजपृष्ठाकार अशी ती वास्तू आहे. दगडाच्या लेण्यांत जे छत कोरलेले आपण पाहतो, ते येथे विटांवर विटा रचून उभारलेले आहे. आज आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे. देव बदलले, उपासक बदलले, पण भिंत टिकली. तिचा गवंडी कोण आणि विटा भाजणारा कोण, हे कोठेही लिहिलेले नाही.

आणखी एका खापराची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेर येथे करड्या-काळ्या रंगाच्या, अत्यंत पातळ व गुळगुळीत थाळ्यांचे तुकडे मिळाले आहेत. त्यांच्या तळाशी आतील बाजूस बारीक ठिपक्यांची वर्तुळे एकाभोवती एक अशी उठविलेली असतात. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे १९४५ साली व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा अशा थाळ्या तेथे सापडल्या. एवढे नाजूक काम रोमन जगातूनच आले असावे, असे त्या वेळी मानले गेले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांच्या मातीचे पृथक्करण केले. १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, ही माती भूमध्यसमुद्राकाठची नसून बंगालमधील चंद्रकेतुगड-तामलुक परिसरातील आहे. ती थाळी तेरच्या कुंभाराची नव्हती, हेही आपण प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. परंतु ती भारतीय कुंभाराची होती. उत्तम काम दिसले की ते परक्याचे असले पाहिजे, असा ग्रह सुमारे अर्धे शतक टिकला. अखेर खुद्द मातीनेच साक्ष दिली.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल. ही सारी मडकी ज्यांनी घडविली, त्यांना समाजात काही स्थान होते काय? तेरच्या खापरांवर याचे उत्तर नाही. परंतु नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका शिलालेखात ते सापडते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याच्या नवव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने तेथील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी कायमचा निधी ठेविला. तो कोणाकडे ठेविला? सावकाराकडे नव्हे, तर गोवर्धन नगरातील कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत ‘कुलरिक’ श्रेणीकडे एक हजार कार्षापण ठेविल्याचा उल्लेख आहे, आणि ‘कुलरिक’ म्हणजे कुंभार असा अर्थ विद्वान सामान्यतः करतात. तेलघाणीवाल्यांच्या श्रेणीचेही नाव त्याच लेखात आहे. मुद्दल सुरक्षित राहील आणि त्याच्या व्याजातून रोग्यांना औषध मिळत राहील, हा विश्वास चाक फिरविणाऱ्या हातांवर टाकलेला होता. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. आपल्या मंडळाचाच तो एक प्राचीन नमुना म्हणावयास हरकत नाही. आपल्या पतपेढीच्या हिशेबाच्या वह्या तपासताना हा शिलालेख सभासदांनी अवश्य आठवावा.

संग्रहालयातून निघून आम्ही नदीकडे चाललो असता एक लहानसा प्रसंग घडला. पांढरीच्या कडेला पावसाने धुपलेल्या मातीतून खापरांचे तुकडे वर डोकावत होते. आमच्यापैकी एकाने त्यांतील एक काठाचा तुकडा उचलून, काकांच्या गावची आठवण म्हणून, रुमालात बांधला. नानांनी तो मागून घेतला. उलटसुलट करून पाहिला. आतील बाजूस चाकावर फिरताना उमटलेल्या बोटांच्या रेषा स्पष्ट होत्या. त्यांनी आपली बोटे त्या रेषांवरून हळूच फिरविली, आणि तुकडा होता तेथे ठेवून दिला. म्हणाले, “याचे घर हे आहे. घरी नेला तर हा नुसता खापराचा तुकडा. इथे राहिला तर एखादा जाणता माणूस याला बोलता करील.”

नानांनी कोणता ग्रंथ वाचून हे म्हटले नाही. तरी पुराणवस्तुशास्त्राचे मर्मच त्यांच्या बोलण्यात होते. खापर कोणत्या थरात मिळाले, त्याच्याशेजारी कोणते नाणे होते, वर काय होते, खाली काय होते, यावरून त्याचा काळ ठरतो. थरातून सुटलेले खापर बहुतांशी मुके होते. संरक्षित स्थळावरील वस्तू उचलून नेणे कायद्यानेही निषिद्ध आहे. यात्रेकरूंनी अशी वस्तू दिसल्यास ती हलवू नये, संग्रहालयास कळवावे, अशी आमची सर्वांना नम्र विनंती आहे.

सायंकाळी आम्ही काकांच्या समाधीपाशी बसलो. परंपरेने काकांचा काळ इ. स. १२६७ ते १३१७ असा मानतात. म्हणजे ते जन्मले, तेव्हा सातवाहनांचे तगर लयास जाऊन हजार वर्षे लोटली होती. ज्या पांढरीवर ते चालले, तिच्या पोटात हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांची खापरे होती. ते कुंभार आमचे साक्षात पूर्वज होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला पुरावा नाही. मधल्या काळात किती माणसे आली, किती गेली, कोणी मोजले आहे? परंतु माती, पाणी, चाक, थापटणे आणि आवा यांची जी विद्या नानांच्या हातात आहे, तिचे मूळ त्या खापरांत दिसते, यात मात्र शंका नाही.

काकांनी संतांची परीक्षा थापटण्याने केली. ज्ञातीच्या इतिहासाच्या ज्या कथा आपण सांगतो, त्यांवरही एकदा ते थापटणे मारून पाहावयास नको काय? ऋषींच्या आणि राजवंशांच्या वंशावळी ऐकावयास गोड आहेत. परंतु त्या कच्च्या मडक्यासारख्या आहेत, पुराव्याचे पाणी ओतताच विरघळतात. तेरच्या काचपेटीतील खापर तसे नाही. ते दोन हजार वर्षे पाण्यात राहिले आणि विरघळले नाही. आपल्या कुळात राजा होता असे सिद्ध करण्याची आपल्याला गरजच काय? राजांचे काळ ठरविण्यासही इतिहासकाराला खापरांचा आधार घ्यावा लागतो, हे सत्य आपल्याला पुरेसे आहे.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. खापर टिकते, ते घडविणाऱ्याची भाषा टिकत नाही. तगरचा कुंभार आपल्या चाकाला काय म्हणत होता, कोणती माती कोणत्या मातीत किती मिसळत होता, आवा पेटविताना कोणाचे नाव घेत होता, यांतील एक अक्षर आज उरलेले नाही. आणि नानांच्या पिढीबरोबर हेच पुन्हा घडावयाचे आहे. संक्रांतीची सुगडी, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, लग्नातील उतरंड, रांजण, डेरा, येळणी, यांतील किती वस्तूंची घडण आणि नावे आपल्या मुलांना सांगता येतील?

परतीच्या वाटेवर गाडीत तो तरुण नानांशेजारी जाऊन बसला. त्याने वही काढली आणि विचारावयास आरंभ केला. “नाना, गाळाची माती कुठल्या ओढ्यातून आणीत होता? तिच्यात लीद किती, राख किती? आवा लावताना सर्वांत खाली काय?” नाना सांगत होते, तो लिहीत होता. मध्येच नाना एखाद्या शब्दावर अडत, दूरच्या अंधाराकडे पाहत, आणि आठवला की मुलासारखे हसत. धाराशिव मागे पडले, तुळजापूर आले, तरी त्यांचे संपले नव्हते. सकाळी ज्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सुचले नव्हते, ते त्या वहीत उतरत होते असे आम्हांला वाटले. त्या तरुणाचा आवाज खाली गेलेला नव्हता.

ज्ञातिबांधवांनो व भगिनींनो, आमची विनंती एवढीच आहे. ज्यांच्या घरी चाकावर बसलेली वडील माणसे हयात आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसून हे सारे लिहून घ्यावे: शब्द, मोजमापे, मातीच्या जागा, आव्याची रीत, बायकांनी सांभाळलेली घोटण्याची व रंगविण्याची हातोटी. बायकांच्या हातची विद्या विशेष जपून लिहावी. चाक मोडून पडले असेल तर ते सरपणात जाऊ देऊ नये. अशी टिपणे जमली तर पुढील स्मरणिकेत त्यांसाठी पाने राखून ठेवण्याची विनंती आम्ही संपादकांस करणार आहोत. आणि पुढील चैत्रात समाधीचे दर्शन झाल्यावर घटकाभर तरी मुलांना घेऊन त्या संग्रहालयात जावे. जमल्यास बरोबर घरातले एखादे नाना असावेत. ती भांडी त्यांना आपल्यापेक्षा अधिक ओळखतात.